कपाटावरची बाटली

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि नोकरीचा भाग म्हणून मला अधूनमधून सोळा वर्षांची व्हावं लागतं. म्हणजे मी एखाद्या दुकानात जाते, सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली उचलते, काउंटरवर ठेवते आणि सांगते, "मी अठराची आहे. आयडी घरी राहिलं." दुकानदार हसू दाबतो. मी हसत नाही. मी आधी चिडते, मग गयावया करते, मग म्हणते, "माझी आई बाहेर गाडीत बसलीय, हवं तर तिला विचारा." दुकानदाराने एवढंच करायचं असतं की बाटली उचलून स्वतःच्या बाजूला ठेवायची आणि आवाज न चढवता "नाही" म्हणायचं. सोपं वाटतं ना? एकदा करून पाहा. समोरचा माणूस रोजच्या ओळखीचा असतो, मागे रांग असते, आणि नाही म्हणताना आपलीच मान खाली जाते. ही सवय लागावी लागते. ती लावण्याचा मला पगार मिळतो.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीपासून बसने जाण्याच्या अंतरावर आमचं गाव आहे, तिथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, मी काम करते. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की ते दाराच्या पाटीवर दोन ओळींत बसवलंय. नागपूरला सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून तिकडे दारूबंदीत आहे." माझी मुलगी इरा मैत्रिणींना सांगते, "माझी आई पार्ट्या बंद करते." दोन्ही चूक. मोठ्या माणसांनी काय प्यावं याच्याशी माझा संबंध नाही. शाळकरी मुलं पार्कमध्ये, नाहीतर स्पोर्ट्स हॉलच्या मागे जमतात आणि झिंग यावी एवढ्याच हेतूने, मिळेल ती दारू जमेल तितक्या घाईने घशात ओततात, तेवढ्यापुरतं माझं काम. ते एकटीने होत नाही. पोलीस, शाळा, दुकानदार, पालक आणि मुलं या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं आणि टेबल सोडून कोणी जाऊ नये असं पाहायचं. याद्या करण्याची मला हौस आहे, त्यामुळे हे काम मला मानवलं. आमच्या फ्रिजवर कायम चार याद्या असतात. मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की पाचवी यादी फ्रिजमध्ये काय आहे याची कर.

मुलांकडे दारू तीन वाटांनी येते. दुकानातून, कुणा मोठ्याकरवी, किंवा घरातून. आमच्या टेबलावर या तिन्हींचा क्रम बरीच वर्षं असाच होता. दुकान सगळ्यात वर, घर सगळ्यात खाली. हा क्रम कसा बदलला, तेच मला सांगायचं आहे.

आधी दुकानाचं. इथे अठराच्या आतल्याला दारू विकणं गुन्हा आहे. पण सतरा आणि एकोणीस यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो, म्हणून दुकानं पंचविशीचा नियम पाळतात. पंचविशीच्या आतला वाटला की आयडी मागायचं. याने गमती होतात. एक दाढीवाला गृहस्थ पोराला कडेवर घेऊन आला होता, त्याला आयडी मागितलं तर तो मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच माझं आयडी." उलट एका बाईंना आयडी मागितलं गेलं तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची सून होती. त्या इतक्या खूश झाल्या की दर आठवड्याला त्याच दुकानात, त्याच काउंटरवर, थोडं ताटकळत उभ्या राहायला लागल्या.

मोठ्याकरवी आणण्याची तऱ्हा वेगळी. मुलं दुकानाबाहेर उभी राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गळ घालतात. मी एका चांगल्या कोटातल्या बाईंना पकडलं होतं. त्यांनी तीन मुलींना जिनचे गुलाबी कॅन आणून दिले होते. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अहो, केवढी थंडी आहे बाहेर. बिचाऱ्या किती वेळ उभ्या होत्या." त्यांना दंड होऊ शकतो हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत थंडी माझ्यामुळेच पडली होती.

आता किरीटभाई. पार्कच्या फाटकासमोर त्यांचं दुकान आहे. वर्तमानपत्रं, दूध, कोथिंबीर, लॉटरीची तिकिटं आणि मागच्या भिंतीला दारू. त्यांचं लहानपण मुलुंडला गेलं, त्यामुळे ते माझ्याशी मराठीत बोलतात. त्या मराठीला गुजराती वळण आहे आणि आता थोडं कॉव्हेंट्रीचंही. आमची ओळख वाईट प्रसंगातून झाली. आम्ही कधीकधी खरोखरच्या सोळा वर्षांच्या स्वयंसेवकाला दुकानात पाठवतो. त्याने खोटं बोलायचं नसतं, फक्त बाटली काउंटरवर ठेवायची असते. किरीटभाईंच्या दुकानात त्या दिवशी त्यांचा भाचा होता. तो फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता त्याने बाटली विकली.

अशा वेळी दुकानदार बहुतेक वेळा आमच्यावर चिडतात. किरीटभाईंनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "वृषालीबेन, ते तुमचं नाटक आहे ना, सोळा वर्षवालं, ते माझ्याकडे करा. सगळ्यांसमोर करा."

मी गेले. बायको हंसाबेन, भाचा, आणि स्वतः ते, सगळे रांगेत उभे. मी बाटली ठेवली आणि म्हटलं, "मी अठराची आहे."

"बेन, तुम्ही काय पण अठराच्या वाटत नाय," किरीटभाई म्हणाले. "पण चला. नाही."

मग त्यांनी मला न विचारता एक गोष्ट केली. आसपासची चार दुकानं एकमेकांची वैरी होती. दुधाच्या भावावरून त्यांच्यात अबोला होता. किरीटभाई प्रत्येकाकडे गेले. श्रीलंकेच्या शिवाकडे, पोलिश वाणसामानवाल्या बाईंकडे, पेट्रोल पंपावर. त्यांनी दोन गोष्टी मान्य करून घेतल्या. एक, स्वस्त तेज सायडरचे सुटे कॅन कोणीच ठेवायचे नाहीत. दुसरी अशी की एकाने नाही म्हटलं की त्याने लगेच पुढच्याला फोन करायचा. "लाल हुडी, दोन मुलं, तुझ्याकडे येतायत." मुलं पुढच्या दुकानात पोचायच्या आत तिथे फोन पोचलेला असायचा. शिवा मला म्हणाला होता, "मॅडम, आम्ही पूर्वी एकमेकांशी बोलत नव्हतो. आता दर शुक्रवारी या माणसाचा आवाज ऐकावा लागतो." या चारही दुकानांनी आपापल्या बाटल्यांच्या बुडाला रंगीत टिकल्या लावल्या, म्हणजे पार्कमध्ये बाटली सापडली तर ती कोणाची ते कळावं. किरीटभाईंची टिकली हिरवी. पार्कमधल्या रिकाम्या बाटल्या हळूहळू कमी झाल्या. आमच्या मीटिंगमध्ये पोलीससुद्धा किरीटभाईंचं नाव आदराने घ्यायला लागले.

आणि मग जूनमधला तो शुक्रवार आला. शाळेची मोठी परीक्षा संपली होती, लख्ख ऊन होतं, अख्खा वर्ग पार्कमध्ये जमला. दुपार कलायच्या आत एली नावाची पंधरा वर्षांची मुलगी बेशुद्ध पडली. बाकीची मुलं पळाली. एक मुलगी थांबली. तिने एलीला कुशीवर वळवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत एलीचं डोकं धरून बसली. ही मुलगी सानिका, आमच्या मराठी मंडळातल्या शुभांगी आणि निलेशची. एली वाचली, आज ती बरी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा आम्हाला ते दोन दिवस ठाऊक नव्हतं.

गवतात व्हिस्कीची बाटली सापडली. पोलिसांनी सानिकाला विचारलं, कुठून आणली? ती म्हणाली, "दुकानातून. फाटकासमोरच्या."

पुढचं यंत्रासारखं घडलं. त्या दुकानाच्या नावावर आधीची एक चूक होती. पोलिसांनी परवान्याच्या फेरविचाराची मागणी केली. म्हणजे कौन्सिलचे तीन सदस्य बसणार, दोन्ही बाजू ऐकणार आणि दारूविक्रीचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा ते ठरवणार. कोपऱ्यावरचं दुकान दूध आणि वर्तमानपत्रावर चालत नाही. परवाना गेला असता तर दुकान गेलं असतं. एवढा साधा हिशेब होता.

मी बाटलीचा फोटो पाहिला तो पोलीस स्टेशनमध्ये, सार्जंट हेलनच्या टेबलावर. हेलनने आणि मी बरीच वर्षं बरोबर काम केलेलं आहे. ती कमी बोलते आणि चहा भयंकर करते. मी म्हटलं, "हिला हिरवी टिकली नाही."

"टिकल्या निघतात, वृषाली."

"ही एक लिटरची आहे. किरीटभाई छोट्या बाटल्या ठेवतात."

"सुपरमार्केटमध्ये लिटरची मिळते."

"मिळते. पण मग ती किरीटभाईंची नाही."

हेलनने फोटो उलटा केला. "मुलीने दुकानाचं नाव घेतलंय. मला बाटलीचं माप नको, माणूस आणून दे."

मी घरी आले आणि कपाटावरची मोठी सूटकेस खाली काढली. तिच्यात आमची बाटली होती. तोच आकार, तेच लेबल. मंदारने हीथ्रोवर घेतली होती, मोठ्या काकांसाठी. काकांना डॉक्टरांनी मनाई केली आणि बाटली इथेच राहिली. तिचं सील शाबूत होतं. पण मी तिच्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

इंग्रज माणसाला हे समजावून सांगणं अवघड आहे. आपल्याकडे जे पीत नाहीत, त्यांच्याही घरात बाटली असते. विमानतळावर स्वस्त मिळते म्हणून, गावी कुणाला द्यायला म्हणून, ऑफिसमधून भेट आली म्हणून, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी म्हणून. पिणाऱ्याला आपली बाटली किती उरली ते नेमकं ठाऊक असतं. न पिणाऱ्याच्या घरात ती फुलदाणीसारखी असते. असते, पण कोणी बघत नाही. आणि मुलांना मात्र घरातल्या सगळ्या कपाटांवर काय आहे ते माहीत असतं.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची मराठी शाळा भरते. मुलं आत बाराखडी गिरवतात आणि आईबाप बाहेर चहा पितात. मी चहाच्या टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, "एक काम आहे. आज घरी जाऊन प्रत्येकाने आपापल्या बाटल्या बघा."

"आमच्याकडे कोणी घेत नाही हो," एक जण म्हणाली.

"म्हणूनच विचारते आहे. बाटली आहे का?"

"आहे एक. शोकेसमध्ये."

"ती बघ."

"वृषाली, अगं आपली मुलं तशी नाहीत," निलेश म्हणाला. शेजारी शुभांगी कप धुवत होती. तिने मान वर केली नाही.

"निलेश, मी मुलांना बघ म्हटलंय का? बाटलीला बघ."

थोडं हसू झालं, थोडी कुरबुर झाली. कोणीतरी मागून म्हणालं की ऑफिसातलं काम ऑफिसात ठेवावं. मी चूळ भरल्यासारखा चहा संपवला आणि घरी आले. आठवडाभरात मला फक्त दोन मेसेज आले. दोन्ही "सगळं ठीक" असे.

पुढच्या शनिवारी पाठककाका उभे राहिले. काका मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, टाय लावल्याशिवाय घराबाहेर न पडणारे. त्यांच्यापुढे मोठमोठी माणसं आवाज खाली आणतात. ते म्हणाले, "मला जरा बोलायचं आहे. मागच्या शनिवारी वृषालीने सांगितलं तेव्हा मला राग आला. पण शिस्त म्हणून मी घरी जाऊन बाटली काढली. सिंगल माल्ट. मुलाने साठीला दिलेली. वास घेतला. वास आला नाही. मग चव घेतली." काका थांबले. "चहा होता. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. थोडा जुना."

कोणाला हसावं की नाही कळेना.

"नातवंडं सुटीत येऊन राहतात, त्यांचं काम. त्यांच्याशी मी बोललो आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे. गेल्या दिवाळीला मी त्याच बाटलीतून आपल्या कुलकर्ण्यांना दिली होती."

कुलकर्णीकाका कोपऱ्यात बसले होते. सगळ्या हॉलने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"आणि हे म्हणाले होते," पाठककाका म्हणाले, "स्मूद आहे."

हॉल हसून कोसळला. कुलकर्णीकाका स्वतः डोळे पुसत म्हणाले, "अहो, दुसरा पेगही मागून घेतला होता मी." त्या हसण्यात एकेकाची तोंडं उघडली. एकीची व्होडका पाणी निघाली होती. एकाची रम अर्धी होती, आणि तो आठवडाभर बायकोला विचारत होता की तू घेतेस का. ज्या माणसाला हसायची आमच्यापैकी कोणाची टाप नव्हती, त्याने स्वतःचं हसू करून घेतलं म्हणून हे झालं. मी इतकी वर्षं पालकांपुढे स्लाइड दाखवते आहे. त्या सगळ्या स्लाइड एकीकडे आणि काकांचा चहा एकीकडे.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या रचत होते. शुभांगी परत आली. निलेश आणि सानिका गाडीत होते.

"ताई, आमच्यात चहाबिहा काही नाही," ती म्हणाली. "खोकं आहे. बाटलीच नाही."

मी खुर्ची खाली ठेवली.

"मागच्या शनिवारीच बघितलं मी. सानिकाला विचारलं. तिने सगळं सांगितलं. परीक्षा संपली म्हणून प्रत्येकाने काही ना काही आणायचं ठरलं होतं. हिने ती नेली. पोलिसांनी विचारलं तेव्हा घाबरली आणि दुकान म्हणाली." शुभांगीचा आवाज स्थिर होता, हात मात्र ओढणीशी चाळा करत होते. "निलेश म्हणतो, गप्प राहा. आमचा इथे कायम राहण्याचा, सेटलमेंटचा अर्ज जायचाय. पोलिसात नाव आलं तर?"

"ते माझं क्षेत्र नाही, त्यावर मी उगाच काही बोलणार नाही. सोमवारी सकाळी सॉलिसिटरला विचारा. पण तू मला आत्ता जे सांगितलंस, ते मी न ऐकल्यासारखं करू शकत नाही, शुभांगी. गुरुवारी सुनावणी आहे. हेलनला मला सांगावंच लागेल. फक्त, ते तुम्ही येऊन सांगणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. सोमवारी संध्याकाळपर्यंत मी थांबते."

मी खाली ठेवलेली खुर्ची तिने उचलून रचली. मग म्हणाली, "परवा मी त्या दुकानात गेले होते. त्यांनी मला कोथिंबीर दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, शेवटची जुडी आहे, उद्या सुकेल, घेऊन जा. ताई, मी ती घरी आणली आणि मला ती चिरता येईना."

सोमवारी सॉलिसिटरने सांगितलं की मुलीने खरं सांगितल्याने अर्जाला धोका दिसत नाही. वकील "दिसत नाही" म्हणतो तेव्हा निलेशसारख्या माणसाला झोप लागत नाही, हे मी समजू शकते. आपण इथे इतकी वर्षं एक कागद पुढच्या कागदाला जोडत आलेलो असतो. तरीही सोमवारी दुपारी, माझी मुदत संपायच्या आत, हेलनचा मला फोन आला. "तुझ्या माणसांनी येऊन सांगितलं," ती म्हणाली. "तिघंही आले होते. वडील सगळ्यात आधी बोलले."

बाटली घरची होती एवढं कळलं तरी सुनावणी रद्द झाली नाही. आधीची चूक नावावर होतीच, आणि एकदा फिरायला लागलेलं चाक कौन्सिलमध्ये आपोआप थांबत नाही. गुरुवारी सकाळी तीन सदस्य लांब टेबलामागे बसले, मधल्या खुर्चीत त्यांच्या अध्यक्षबाई. किरीटभाई सूट घालून आले होते. हंसाबेनच्या हातात पर्स होती आणि ती त्या सारखी उघडत आणि बंद करत होत्या. सानिकाला बोलावणं नव्हतं, लेखी निवेदन पुरलं असतं. तिने स्वतः येऊन बोलायचं म्हटलं.

ती उभी राहिली. शाळेचा गणवेश, केस घट्ट बांधलेले. अध्यक्षबाई म्हणाल्या, बसून बोललीस तरी चालेल. ती उभीच राहिली.

"बाटली माझ्या घरची होती," ती इंग्रजीत म्हणाली. "मी दुकान म्हणाले, कारण घराचं नाव घेतलं तर आईबाबांना त्रास होईल असं वाटलं."

"पण हेच दुकान का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सानिकाने किरीटभाईंकडे पाहिलं. "कारण मला हेच दुकान माहितीये. मी लहानपणापासून रोज शाळेतून येताना तिथे जाते. अंकल मला ओळखतात." मग ती थांबली. "दुसरं कुठलं दुकान मला आठवलंच नाही."

शुभांगीने डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी किरीटभाईंना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? मी त्यांच्यासोबत बसून आदल्या दिवशी मुद्दे लिहून काढले होते. फोनची साखळी, टिकल्या, सुटे कॅन. तो कागद त्यांच्या पुढ्यात होता. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

"ती दुसरी मुलगी, एली," ते म्हणाले. "बरी आहे ना आता?"

हेलन म्हणाली, "बरी आहे. शाळेत जाते."

"मग मला काय पण म्हणायचं नाही."

मुद्दे हेलननेच मांडले. ज्या बाईने फेरविचार मागितला होता, तिनेच उभं राहून किरीटभाईंनी काय काय केलं ते सांगितलं, माझ्या कागदापेक्षा चांगलं सांगितलं. परवाना राहिला.

त्या उन्हाळ्यात आमच्या टेबलावरचा क्रम बदलला. घर वर गेलं. मंडळातल्या आईबापांनी बसून एक समजूत ठरवली आणि ती नंतर शाळेतल्या इतर पालकांनीही उचलली. बाटली कुलपात किंवा घरातून बाहेर. मुलांच्या पार्टीला आपलं घर द्यायचं असेल तर बाकीच्या पालकांना आधी फोन. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सानिकाच्या अनुभवातून आली. त्या दिवशी मुलं एलीला सोडून पळाली ती वाईट होती म्हणून नाही, घरच्यांना भिऊन. म्हणून ठरलं, आज फोन, उद्या प्रश्न. कुठल्याही मुलाने अडचणीत असताना यादीतल्या कुठल्याही मोठ्या माणसाला फोन करायचा. तो माणूस येणार, मुलाला घरी पोचवणार आणि त्या दिवशी एक शब्द विचारणार नाही. जे काही ऐकवायचं ते उद्या.

यादी अर्थात मी केली. पहिला फोन मात्र मला आला नाही, पाठककाकांना आला. काका टाय लावून गेले. तेव्हापासून मुलांचे आवडते ड्रायव्हर तेच आहेत. ते इतकी सावकाश गाडी चालवतात, की इरा म्हणते, घरी पोचेपर्यंत माणूस आपोआप शुद्धीवर येतो.

सगळं साधलं असं म्हणणार नाही. यूथ क्लबचे दिवस कमी झाले, आणि मुलांना जायला जागा नसेल तर ती पार्कातच जाणार हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते आणि प्रत्येक मीटिंगमध्ये मान डोलावली जाते. काही पालक अजून म्हणतात, बाहेर पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर प्यायलेली बरी. त्या चांगल्या कोटातल्या बाई अजून दुकानाबाहेर थंडीची चौकशी करत असतील. पण या कामात मी जी माणसं पाहिली, त्यांच्यामुळे मला सोमवारी ऑफिसला जावंसं वाटतं, आणि असं किती जणांना म्हणता येतं?

हे लिहिण्याआधी मी सगळ्यांना विचारलं. नावं बदलू का म्हटलं तर शुभांगी म्हणाली, "बदल, पण चांगली ठेव." सानिकाने मजकूर वाचून एक वाक्य खोडायला लावलं. ते मी खोडलं.

यंदा शरदात किरीटभाईंच्या दुकानात नवं प्रशिक्षण होतं. त्यांची सून पूजा काउंटरवर बसायला लागली होती. मी नेहमीप्रमाणे सायडर उचलली तर किरीटभाई म्हणाले, "बेन, तुम्ही आता सोळामधून रिटायर व्हा. पूजाला हसू येते." म्हणून मी सानिकाला विचारलं. ती आता खरोखरची सोळा आहे. आईची परवानगी घेऊन ती आली.

पूजाला दाखवायला आधी किरीटभाई स्वतः काउंटरमागे उभे राहिले. सानिकाने बाटली ठेवली.

"आयडी?"

"घरी राहिलं."

"मग नाही."

सानिका चांगली नटी निघाली. ती चिडली, मग तिने मागच्या रांगेकडे बघून डोळे फिरवले, मग आई गाडीत असल्याचं सांगितलं. किरीटभाई नुसते बघत राहिले. मग ती म्हणाली, "अंकल, तुम्ही मला ओळखता ना."

हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर सुनावणीतलं आपलंच वाक्य तिच्याही लक्षात आलं, आणि तिचा चेहरा उतरला. हंसाबेन फळीवर डबे लावत होत्या, त्या थांबल्या.

किरीटभाईंनी बाटली उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली.

"ओळखतो," ते म्हणाले. "म्हणून तर नाही."

मग त्यांनी मागे न वळता हात लांबवला, सॉल्ट अँड व्हिनेगर वेफर्सचं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "याला आयडी लागत नाही."

सानिकाने पाकीट घेतलं. मी पूजाकडे वळून म्हटलं, "हे असं. आता तू."